तर्जनी, अनामिका आणि अर्ध्या मिलिमीटरचा फरक: लहान पोरापोरींच्या बोटांबद्दल सायन्स नेमकं काय म्हणतं

उजवा हात पुढे करा, तळवा आपल्याकडे, बोटं सरळ आणि एकमेकांना चिकटवून. मधलं बोट सोडा आणि त्याच्या दोन्ही बाजूंची बोटं बघा, अंगठ्याकडची तर्जनी आणि करंगळीकडची अनामिका. काहींची अनामिका वर निघालेली दिसेल, काहींची तर्जनी, काहींची दोन्ही जवळपास सारखी. एवढ्या साध्या गोष्टीवर गेल्या पंचवीस-तीस वर्षांत ढिगाने रिसर्च झालाय, त्यातला बराचसा लहान पोरांच्या हातांवर झालाय, आणि आपल्यापर्यंत मात्र त्यातला एकच तुकडा रील्स आणि व्हॉट्सअॅपवरून पोचतो की अनामिका लांब तर पोरगा धाडसी, तर्जनी लांब तर हळवा, वगैरे वगैरे. आपल्या खान्देशात बाळाचे हातपाय बघून दोन शब्द बोलायची पद्धत आहेच, बारशाला जमलेल्या बायांमधली एखादी मोठमाय बाळाची मूठ हळूच उघडते आणि म्हणते "बोटं लांब शेतस, पोऱ्या हुशार व्हई", त्यात माया असते आणि त्याचं कोणी काही मनावर घेत नाही. पण तीच गोष्ट कोणी सायन्सच्या नावाने सांगायला लागलं, त्यावरून पोराचा स्वभाव आणि करिअर सांगायला लागलं, तर मग नीट बघायला पाहिजे की सायन्सवाले खरोखर काय म्हणतात.

आधी गणित. तर्जनीची लांबी भागिले अनामिकेची लांबी, बस एवढंच. रिसर्च करणारे लोक बोटांना अंगठ्यापासून नंबर देतात, अंगठा एक नंबर, तर्जनी दोन, अनामिका चार, आणि बोटाला ते डिजिट म्हणतात, म्हणून या भागाकाराचं, म्हणजे रेशोचं, नाव पडलं २डी:४डी. समजा पाच वर्षांच्या पोराची तर्जनी ४६ मिलिमीटर आणि अनामिका ४८ मिलिमीटर आहे, तर ४६ भागिले ४८ म्हणजे साधारण ०.९६. दोन्ही बोटं सारखी असली तर बरोबर १. तर्जनी लांब असली तर १ च्या वर. आणि आता मुख्य गोष्ट, पुष्कळ पोरापोरींची बोटं मोजून सरासरी काढली तर पोरांची सरासरी पोरींच्या सरासरीपेक्षा थोडी कमी येते, म्हणजे अनामिकेच्या मानाने पोरांची तर्जनी किंचित आखूड असते. हा फरक दोन-तीन वर्षांच्या वयातही दिसतो, वेगवेगळ्या देशांत दिसतो, आणि डाव्या हातापेक्षा उजव्या हातात जरा जास्त दिसतो. म्हणजे फरक आहे, खोटा नाहीये, हे आधीच मान्य करून टाकू.

पण केवढा आहे? साधारण ०.०१ च्या आसपास, कुठल्या अभ्यासात जरा जास्त कुठल्यात जरा कमी. ऐकायला काहीच वाटत नाही ना, म्हणून ते मिलिमीटरमध्ये करून बघा. ४८ मिलिमीटरच्या अनामिकेवर ०.०१ म्हणजे ०.४८ मिलिमीटर. शाळेच्या कंपास पेटीतल्या पट्टीवर जी सगळ्यात बारीक रेघ असते ना, त्या दोन रेघांमधल्या अंतराच्या निम्मं. सगळा विषय, सगळे पेपर, सगळे दावे, हे त्या अर्ध्या मिलिमीटरवर उभे आहेत.

हे कागदावर वाचून कळत नाही, एकदा मोजून बघावं लागतं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बहीण अमळनेरला माहेरी आली होती तेव्हा मी तिच्या पाच वर्षांच्या पोरीची बोटं मोजायला बसलो, झोक्यावरून उतरवून आणलेली, सगळं लक्ष बाहेर. पट्टी कुठून लावायची इथंच पहिली अडचण येते. बोट तळव्याला जिथं मिळतं तिथं एक घडी असते, अनामिकेला तर बऱ्याचदा दोन घड्या असतात एकाखाली एक, नियम असा की तळव्याकडची खालची घडी धरायची, तिच्या मधोमध शून्य ठेवायचं आणि बोटाच्या मांसल टोकापर्यंत मोजायचं, नख वाढलेलं असेल तर ते धरायचं नाही. आता पोरीने बोट जरासं वाकवलं की घडी सरकते. पट्टी जरा दाबली की टोकाचं मांस दबतं आणि बोट आखूड भरतं. तिच्या तर्जनीचं माप एकदा ४६ आलं, परत घेतलं तर ४७, अनामिका ४८ वर होती. ४६ धरलं तर ०.९६, ४७ धरलं तर ०.९८. म्हणजे एकाच पोरीचा एकाच हाताचा आकडा माझ्या हातून ०.०२ ने हलला, आणि पोरापोरींमधला जो फरक आपण शोधतोय तो त्याच्या निम्मा. घरच्या पट्टीने मोजून "आमच्या पोरीचा रेशो पोरांसारखा आला" असं कोणी म्हणत असेल तर त्याला एवढंच सांगा की परत मोज.

रिसर्चवाले अर्थातच पट्टीने मोजत नाहीत, ते डिजिटल कॅलिपर वापरतात जो मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत आकडा दाखवतो, एकच बोट दोनदा मोजतात, शक्यतो दोन वेगळ्या माणसांकडून, आणि दोघांचे आकडे जुळतात का ते बघतात. काही जण हाताचं स्कॅन किंवा झेरॉक्स काढून त्यावर मोजतात, कारण चुळबुळ करणारं पोरगं धरून ठेवण्यापेक्षा ते सोपं, पण काच दाबल्यावर बोटाची टोकं चपटी होतात आणि झेरॉक्सवरून काढलेला रेशो सरळ हातावरून काढलेल्यापेक्षा कमी येतो असं दिसून आलंय. म्हणून एका अभ्यासातला झेरॉक्सचा आकडा आणि दुसऱ्यातला कॅलिपरचा आकडा शेजारी ठेवून तुलना करायची नसते. नेटवर नेमकं तेच चाललेलं असतं, "तुमचा रेशो इतका असेल तर तुम्ही असे" म्हणून तक्ता देतात आणि कोणी कसं मोजायचं हे सांगत नाही.

हे लक्षात कधी आलं? पुरुष आणि बायांच्या हातात तर्जनी-अनामिकेचा हा फरक असतो हे एकोणिसाव्या शतकातच नोंदवलेलं आहे, जर्मनीतल्या अलेक्झांडर एकर नावाच्या शरीररचनेच्या अभ्यासकाने १८७५ मध्ये यावर लिहिलं होतं. मग शंभरेक वर्षं हा विषय कोपऱ्यात पडून राहिला. १९९८ मध्ये इंग्लंडच्या जॉन मॅनिंग यांनी आणि त्यांच्या सोबतच्यांनी एक पेपर काढला, त्यात दोन वर्षांच्या पोरांपासून मोठ्या माणसांपर्यंतची बोटं मोजली होती, आणि त्यांचं म्हणणं असं होतं की हा फरक वयात आल्यावर तयार होत नाही, तो लहानपणीच असतो, म्हणजे त्याचं मूळ आईच्या पोटात असणार, आणि तिथं पोरगा-पोरगी यांच्यात मोठा फरक कशाचा असतो तर हार्मोनचा. इथून खरी गाडी सुटली.

लहान पोरं या विषयात एवढी महत्त्वाची का, हे नीट समजून घेण्यासारखं आहे, माझ्या मते सगळ्यात सुंदर भाग हाच. टेस्टोस्टेरॉन म्हणजे पुरुषांमध्ये जास्त असणारं हार्मोन. पोरगा वयात येतो तेव्हा ते वाढतं, आवाज फुटतो, मिशी येते, हे सगळ्यांना माहीत असतं. पण त्याच्या आधी दोनदा ते वाढून गेलेलं असतं आणि आपल्याला पत्ताच नसतो. पहिल्यांदा आईच्या पोटात, साधारण आठव्या-नवव्या आठवड्यापासून मुलाच्या वृषणातून टेस्टोस्टेरॉन तयार व्हायला लागतं आणि नंतरच्या काही आठवड्यांत त्याची पातळी बरीच चढते. दुसऱ्यांदा जन्मानंतर, पहिल्या दोन-तीन महिन्यांत. त्यानंतर ते खाली जातं आणि मग वयात येईपर्यंत पोरगा काय आणि पोरगी काय, दोघांच्या रक्तात ते अगदी थोडंसंच असतं. आता विचार करा, अंगणवाडीत बसलेल्या चार वर्षांच्या पोरापोरींच्या रक्तात या हार्मोनचा म्हणावा असा फरकच नाही, तरी बोटांच्या सरासरीत फरक आहे, तर तो आला कुठून? एक तर पोटातून, नाहीतर त्या पहिल्या काही महिन्यांतून, नाहीतर याचा हार्मोनशी थेट संबंध नाही आणि जनुकांमधूनच काहीतरी वेगळं चाललंय. मोठ्या माणसांची बोटं मोजून हा प्रश्न सुटत नाही कारण तिथं वयात येतानाची सगळी भेसळ झालेली असते, लहान पोरांमुळे तो निदान नीट मांडता तरी येतो.

पोटात बोटं कधी बनतात तेही बघा. सहाव्या आठवड्याच्या सुमाराला हात म्हणजे एक चपटी वल्ह्यासारखी गोष्ट असते, मग मधल्या जागेतल्या पेशी मरतात आणि आठव्या आठवड्याच्या शेवटापर्यंत बोटं सुटी होतात. हाताची बोटं आणि जननेंद्रियं या दोन्हींची जडणघडण होक्स नावाच्या जनुकांच्या गटातल्या काही जनुकांच्या देखरेखीखाली होते. दोन इतक्या वेगळ्या अवयवांचा एकमेकांशी काय संबंध असं वाटेल, पण होक्स-ए-१३ या जनुकात बिघाड असलेल्यांना हात, पाय आणि जननेंद्रियं या तिन्ही ठिकाणी दोष येतो असा एक दुर्मिळ आजार डॉक्टरांना माहीत आहे. त्यामुळे बोटांवर पोटातल्या लैंगिक हार्मोनचा थोडा परिणाम होत असेल ही कल्पना काही हवेतली नाही.

मग पुरावा शोधायला लोक निघाले. अमेरिकेत फ्लोरिडा विद्यापीठातल्या झेंग आणि कोन या दोघांनी २०११ मध्ये उंदरांवरचं काम छापलं, त्यात असं दिसलं की उंदराच्या पंजातल्या चौथ्या बोटाच्या पेशींमध्ये हे हार्मोन ओळखणारे रिसेप्टर दुसऱ्या बोटापेक्षा जास्त कामाला लागलेले असतात. पुरुषी हार्मोनचा रिसेप्टर बंद केला तर चौथं बोट कमी वाढलं आणि रेशो मादीकडे सरकला. इस्ट्रोजेनचा, म्हणजे बायांमध्ये जास्त असणाऱ्या हार्मोनचा, रिसेप्टर बंद केला तर उलटं झालं. वाचून वाटतं झालं, कोडं सुटलं. पण नंतर दुसऱ्या लॅबमध्ये उंदरांना पोटात असताना हार्मोन देऊन बघितलं तेव्हा तेवढं स्वच्छ उत्तर आलं नाही, आणि विज्ञानात पहिल्या पेपरपेक्षा दुसऱ्या-तिसऱ्या ठिकाणी तेच येतं का याला जास्त किंमत असते.

माणसाच्या बाळावर तर असले प्रयोग करता येत नाहीत, करूही नये. मग आडवाटेने माहिती काढावी लागते. इंग्लंडमध्ये केंब्रिजच्या लोकांनी ज्या आयांच्या गर्भजलाची तपासणी वैद्यकीय कारणाने आधीच झालेली होती त्या नमुन्यांतलं टेस्टोस्टेरॉन आणि इस्ट्रोजेन मोजलं आणि पोरं दोन वर्षांची झाल्यावर त्यांची बोटं मोजली, २००४ ला तो पेपर आला, उजव्या हातात संबंध दिसला, पण पोरं होती फक्त ३३. एवढ्याशा आकड्यावर मी तरी फार जोर देणार नाही. दुसरी वाट म्हणजे निसर्गानेच हार्मोनचं गणित बदललेलं असतं अशा व्यक्ती. काही मुलींना जन्मतःच अॅड्रिनल ग्रंथीचा एक आजार असतो ज्यात पोटात असतानाच त्यांना पुरुषी हार्मोन जास्त मिळतं, त्यांचा रेशो काही अभ्यासांत कमी आला, काहींत फरकच दिसला नाही. आणि काही जणींमध्ये क्रोमोझोम पुरुषांसारखे एक्सवाय असतात पण शरीराला टेस्टोस्टेरॉन ओळखताच येत नाही, त्या मुलगी म्हणूनच जन्मतात आणि वाढतात. २००९ च्या एका अभ्यासात त्यांचा सरासरी रेशो बायांसारखा आला, म्हणजे हार्मोनचा हात आहे याला पाठबळ मिळालं. पण त्याच अभ्यासात अजून एक गोष्ट दिसली आणि माझ्यासाठी ती पहिलीपेक्षा मोठी आहे. या जणींवर टेस्टोस्टेरॉनचा परिणाम शून्य, सगळ्यांवर सारखाच शून्य, मग सगळ्यांचा रेशो एकमेकींच्या जवळ यायला पाहिजे होता ना? तसं झालं नाही. त्यांच्यात आपापसात जेवढा फरक होता तो इतर बायांमधल्या फरकाएवढाच होता. म्हणजे एका माणसाचा रेशो ०.९४ आणि दुसऱ्याचा १.०१ का, याचं उत्तर बहुतेक करून टेस्टोस्टेरॉनमध्ये नाहीच, दुसऱ्याच कशाकशात आहे.

आता पोरांकडे परत येऊ. मॅनिंग यांनी आणि सोबतच्यांनी २००४ मध्ये वेगवेगळ्या समाजातल्या लहान पोरांचा अभ्यास छापला, मोरोक्कोतले बर्बर, चीनमधले उइगुर आणि हान, आणि जमैकातली पोरं. पोरगा-पोरगी फरक दिसलाच, पण एका समाजात आणि दुसऱ्या समाजात जो फरक दिसला तो त्याच्यापेक्षा मोठा होता. हान पोरांचा रेशो जास्त, जमैकाच्या पोरांचा कमी. म्हणजे एका ठिकाणच्या पोरींचा सरासरी आकडा दुसऱ्या ठिकाणच्या पोरांच्या आकड्यापेक्षाही कमी असू शकतो. त्यामुळे इंग्लंडच्या पोरांवरून बनवलेला तक्ता नवापूर-धडगावच्या पोराला लावणं याला काही अर्थच राहत नाही, तुलना करायचीच तर त्याच गावच्या, त्याच समाजाच्या, त्याच वयाच्या आणि त्याच पद्धतीने मोजलेल्या पोरांशी करायची.

पोरं वाढतात तसा रेशो बदलतो का, हा प्रश्न मला बऱ्याच जणांनी विचारलाय. थोडा बदलतो. जमैकातल्याच पोरांना काही वर्षांच्या अंतराने परत मोजलं तेव्हा रेशो किंचित वाढलेला सापडला, पण ज्याचा आधी कमी होता त्याचा नंतरही साधारण कमीच राहिला. हाडांच्या जुन्या एक्सरे फोटोंवरून काम केलेल्यांनाही लहानपणात रेशो हळूहळू वर सरकताना दिसला. आणि २०१० मध्ये नेदरलँडच्या लोकांनी ३२७ मृत गर्भांची बोटं मोजून सांगितलं की पोटातल्या बाळांचा रेशो जन्मलेल्या पोरांपेक्षा कमी असतो आणि तिथं मुलगा-मुलगी फरक अजूनच छोटा असतो. म्हणजे सगळं पोटातच ठरून येतं हे जे ठासून सांगतात ते तितकंसं बरोबर नाही, जन्मानंतरही काहीतरी घडत असतं.

अजून एक शंका संख्याशास्त्रवाल्यांनी काढलेली आहे आणि ती मला पटते. मोठ्या पुरुषाचा हातच मोठा असतो, आणि हात मोठा झाला की सगळी बोटं एकाच प्रमाणात वाढतील असं नाही, अनामिका जरा जास्त वाढत असेल तर रेशो आपोआप कमी दिसेल आणि आपण म्हणू हार्मोन, खरं कारण असेल नुसता हाताचा साइज. चार-पाच वर्षांच्या वयात पोरापोरींच्या हातात तेवढा फरक नसतो, म्हणून या शंकेला उत्तर द्यायलाही लहान पोरांचीच मोजमापं कामाला येतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं, कारण इथंच लोकांची फसगत होते. सरासरीत फरक असणं आणि एका पोराबद्दल काही सांगता येणं या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. रावेर-यावलकडच्या केळीवाल्याला हे लगेच पटेल. समजा एका बागेची रास, म्हणजे घडाचं सरासरी वजन, बसली २३ किलोची आणि शेजारच्या बागेची २२ ची. फरक खरा आहे, काट्यावर दिसतो. पण दोन्ही बागांत १८ किलोचेही घड आहेत आणि २७ चेही आहेत. आता ट्रक भरल्यावर त्यातला एक घड खाली उतरवून विचारा, सांग भाऊ हा कोणत्या बागेचा? कोणीही सांगू शकणार नाही. बोटांचं अगदी हेच आहे. उजव्या हाताच्या फरकाचा जो आकार पुष्कळ अभ्यास एकत्र करून २०१० मध्ये काढला गेला त्यावरून हिशेब केला तर असं येतं की कोणताही एक पोरगा आणि कोणतीही एक पोरगी घेतली तर शंभरातून साधारण ६२ वेळा पोराचा रेशो कमी निघेल आणि ३८ वेळा पोरीचा. आणि नुसता हात बघून हा पोराचा का पोरीचा हे ओळखायला बसलात तर शंभरात ५९ च्या आसपास बरोबर याल, नाणं उडवून ५० येतात. मोठ्या माणसांची उंची घेतली तर कोणताही एक पुरुष आणि कोणतीही एक बाई यांत पुरुष उंच निघण्याचं प्रमाण शंभरात नव्वदच्या आसपास असतं, त्यावरून कळेल बोटांचा फरक किती बारीक आहे.

आणि एवढ्याशा गोष्टीवर काय काय टांगलंय बघा. गणितात हुशार, खेळात पुढे, भांडखोर, ऑटिझम, डावखुरेपणा, सगळ्याचा संबंध कोणी ना कोणी या रेशोशी जोडलेला आहे. काही ठिकाणी, म्हणजे खेळाडूंच्या गटांमध्ये वगैरे, थोडासा संबंध परत परत दिसलाय. पण लहान पोरांच्या वागण्याचं म्हणाल तर वोंग आणि हाइन्स या दोघींनी २०१६ मध्ये दोन-तीन वर्षांच्या पोरांचा अभ्यास छापला, काही महिन्यांच्या अंतराने दोनदा बघितलं, बोटांमध्ये पोरगा-पोरगी फरक मिळाला, पण कोणतं पोरगं गाडीशी खेळतं आणि कोणतं बाहुलीशी याचा बोटांशी भरवशाचा संबंध काही मिळाला नाही. तुमची पोरगी दिवसभर गल्लीत क्रिकेट खेळते का आणि पोरगा स्वयंपाकघरात पोळ्या लाटायला बसतो का, हे बोटात लिहिलेलं नसतं, आणि लिहिलेलं असतं तरी त्यात बिघडलं काय असतं?

मला राग येतो तो बोटं आणि बोटांचे ठसे बघून मुलाचं करिअर सांगणाऱ्या टेस्टचा. आपल्याकडे लहान लहान गावांत त्यांचे कॅम्प लागतात, हजारो रुपये घेतात, रंगीत रिपोर्ट देतात, पोरगं इंजिनिअर होणार का कलाकार हे पाचव्या वर्षी सांगतात. कापसाला भाव नाही म्हणून हातउसने घेऊन फी भरणारे आईबाप असतात हो त्यात, आणि त्यांच्या हातात पडतं काय, तर ज्याला कसलाच शास्त्रीय आधार नाही असा कागद. वर २डी:४डी चा रिसर्च दाखवून म्हणतात की बघा परदेशातही हे मानतात. परदेशातले हे सगळे पेपर गटांच्या सरासरीबद्दल आहेत, तुमच्या एका पोराबद्दल त्यात एक ओळही नाही. ते पैसे पोराच्या पुस्तकांना द्या, दुधाला द्या.

आणि दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे, ती स्पष्टच लिहितो. गर्भातच बोटांमध्ये फरक असतो असं वाचलं की कोणाच्या तरी डोक्यात येणारच, मग सोनोग्राफीत बोटं बघून "आंडोर शे का आंडेर", म्हणजे मुलगा आहे का मुलगी, हे कळेल का? नाही कळणार. गर्भातला फरक जन्मानंतरच्या फरकापेक्षाही छोटा आहे. आईच्या स्वतःच्या बोटांवरून पोटातलं ओळखतो म्हणणारे तर निव्वळ फसवतात. आणि कळत असतं तरी ते विचारणं, सांगणं आणि त्यासाठी तपासणी करणं १९९४ च्या पीसीपीएनडीटी कायद्याने गुन्हा आहे. २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या मुलांमध्ये जळगाव जिल्ह्यात हजार मुलांमागे ८४२ मुली होत्या, राज्याचा आकडा ८९४ होता. शेजारच्या नंदुरबारमध्ये, ज्या जिल्ह्याला आपण मागास म्हणतो तिथं, ९४४ होत्या. ज्या जिल्ह्यात मी लहानाचा मोठा झालो तिथला हा आकडा आहे आणि तो लिहिताना मला त्रास होतो, म्हणून मुलगा-मुलगी फरकावरचं कोणतंही सायन्स आपल्या भागात सांगायचं तर ही ओळ त्यात असलीच पाहिजे असं मला वाटतं.

मग या रेशोचा उपयोग काय, नुसता टाइमपास आहे का? तसं नाही. पोटातल्या हार्मोनचा अंदाज घ्यायला दुसरी सोपी, न टोचता होणारी वाट जवळपास नाहीच, म्हणून मोठमोठे गट घेऊन तुलना करायला रिसर्चवाल्यांना तो अजून लागतो, अंदाज कच्चा आहे हे धरून. शिवाय दोनच बोटांच्या वाढीत एवढा बारीक पण परत परत दिसणारा फरक का पडतो, हा प्रश्न हाडांची वाढ समजून घेणाऱ्यांसाठी खरंच मोठा आहे. शाळेतल्या मास्तरांना तर मी म्हणेन वर्गात हा प्रयोग करून बघा, सातवी-आठवीच्या पोरांना एकमेकांची बोटं दोन-दोनदा मोजायला लावा, नावं न लिहिता फक्त आकडे फळ्यावर मांडा, सरासरी काढा, आणि मग दोन गटांचे आकडे एकमेकांत किती मिसळलेले आहेत ते त्यांनाच बघू द्या. सरासरी, मोजमापातली चूक आणि नमुना म्हणजे काय हे एका तासात कळतं आणि खर्च शून्य.

आईबापांसाठी शेवटचं, हात बघायचाच असेल तर कशासाठी बघायचा ते. तर्जनी लांब का अनामिका लांब यात काळजीचं काहीच नसतं, दोन्ही तब्येतीला एकदम नॉर्मल. पण बोटं एकमेकांना चिकटलेली असतील, एखादं बोट जास्त किंवा कमी असेल, मूठ वळताना एका बोटाच्या मुळाशी हाडाचा उंचवटा दिसायच्या जागी खळगा पडत असेल आणि सोबत मुलीची उंचीही वयाच्या मानाने खूप कमी असेल, बाळ एकच हात सारखा मुठीत आवळून ठेवत असेल, तर डॉक्टरांना दाखवायचं. तसंच बोलायला उशीर होतोय, नाव घेतल्यावर पोरगं बघत नाही, नजरेला नजर देत नाही, तर बोटं मोजत बसू नका, तेही दाखवा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा तपासणीला येतं, पैसे लागत नाहीत, अंगणवाडी ताईंना विचारून पथक कधी येणार ते कळतं, आणि तोवर थांबायचं नसेल तर जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा जिल्हा रुग्णालयात सरळ घेऊन जा.